तुरा, पिसे आणि पारख
(शोभेच्या कोंबड्यांच्या छंदाचा एक अभ्यास)

छंदांची यादी करायला सांगितले तर आपल्यापैकी बहुतेकजण वाचन, गायन, छायाचित्रण, नाणी किंवा तिकिटे जमविणे अशी नावे सांगतील. त्या यादीत कोणी 'कोंबड्या पाळणे' असे लिहिले, तर वर्गात हशा पिकेल यात शंका नाही. कोंबडी म्हणजे आपल्या लेखी एकतर अंडे, नाहीतर रविवारचा रस्सा. ती केवळ पाहण्यासाठी, पारखण्यासाठी पाळावी ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. परंतु गेली पावणेदोनशे वर्षे जगातील अनेक देशांत कोंबड्यांची प्रदर्शने भरतात, त्यांच्या सौंदर्याचे लेखी नियम आहेत, ते नियम जाणणारे परीक्षक आहेत, आणि एका पिसाच्या रंगावरून रात्र-रात्र वाद घालणारे रसिकही आहेत. मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरी परसात कोंबड्या पूर्वीपासून आहेत; पण त्यांच्याकडे अभ्यासाच्या दृष्टीने मी गेल्या चार वर्षांपासून पाहू लागले. त्या वाचनाचे आणि निरीक्षणाचे सार येथे मांडत आहे.

झुंजीकडून प्रदर्शनाकडे

माणसाने कोंबडी प्रथम अंड्यांसाठी पाळली असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी कोंबडा पाळला गेला तो झुंजीसाठी, शकुनासाठी आणि पहाटेच्या आरवण्यासाठी. आपल्या देशातील 'असील' ही जात झुंजीसाठीच निवडून तयार झाली. अरबीतील मूळ शब्दाचा अर्थच 'अस्सल' असा आहे. उंच उभी ठेवण, दणकट मान, वाटाण्यासारखा बसका तुरा आणि अंगाला घट्ट चिकटलेली पिसे ही तिची लक्षणे. आज आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा आहे.

इंग्लंडमध्ये अशी बंदी १८३५ साली आली. झुंजी थांबल्या, पण कोंबडे पाळणाऱ्यांची हौस थांबली नाही. ती दुसऱ्या वाटेने वाहू लागली. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. १८४९ साली अमेरिकेत बोस्टन येथे तसेच प्रदर्शन झाले. याच सुमारास चीनमधून आलेल्या धिप्पाड, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्यांनी लोकांना अक्षरशः वेड लावले. तो काळ तिकडे 'कोंबडीज्वराचा' काळ म्हणूनच ओळखला जातो. १८६५ साली इंग्लंडमध्ये आणि १८७४ साली अमेरिकेत प्रत्येक जातीच्या आदर्श लक्षणांची पुस्तके निघाली. कोणता कोंबडा किती उत्तम, हे आता झुंजीच्या रिंगणात न ठरता परीक्षकाच्या नजरेत ठरू लागले. एका क्रूर करमणुकीची जागा पाहण्याच्या कलेने घेतली, हे या छंदाचे मला वाटणारे पहिले श्रेय.

या जातींची नावे मोठी फसवी आहेत. 'कोचीन' कोंबडी चीनमधून आली. आपल्या केरळातील कोचीनशी तिचा संबंध नाही. 'ब्रह्मा' हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले; पण आजच्या रूपातली ही जात अमेरिकेत घडली. 'बँटम' म्हणजे बुटकी कोंबडी हे नाव जावा बेटावरील बांतेन बंदरावरून आले, कारण युरोपीय खलाशांना असे छोटे पक्षी तेथे मिळत. उलट 'कॉर्निश' हे इंग्लंडमधील परगण्याचे नाव धारण करणाऱ्या जातीत आपल्या असीलचे रक्त आहे. आणि आज जगभर विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या पितृकुळात ही कॉर्निश आहे. म्हणजे पिंजऱ्यातल्या पांढऱ्या ब्रॉयलरचाही एक पूर्वज हिंदुस्थानी झुंजार कोंबडा आहे!

सह्याद्रीचे देणे

चार्ल्स डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात सर्व कोंबड्यांचा पूर्वज एकच, तो म्हणजे तांबडा रानकोंबडा, असे मत मांडले. २०२० साली आठशेहून अधिक पक्ष्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार पाळीव कोंबडीचे मूळ दक्षिण-पश्चिम चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातील तांबड्या रानकोंबड्याच्या एका उपजातीत आहे. ज्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली कैदी म्हणून आपल्या रत्नागिरीत आणले आणि ज्याने १९१६ साली येथेच देह ठेवला, त्याच्या देशाच्या रानातील हा पक्षी. राजाच्या कितीतरी शतके आधी तो आपल्या अंगणात येऊन पोहोचला होता.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. आपल्या सह्याद्रीच्या रानात तांबडा रानकोंबडा नाही. येथे आहे तो राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाच्या थेंबासारखे चकचकीत पिवळे-पांढरे ठिपके असतात. युरोपात गळाला लावायच्या कृत्रिम माश्या बनविण्यासाठी एके काळी या पिसांना इतकी मागणी होती की त्यापायी असंख्य पक्षी मारले गेले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे अथवा त्याची अंडी आणून उबविणे हा अपराध आहे, हे हौशी मंडळींनी पक्के लक्षात ठेवावे.

२००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाही, ते या राखी रानकोंबड्याकडून आले आहे. मक्यातून, हिरव्या पाल्यातून मिळणारे पिवळे रंगद्रव्य बहुतेक पक्ष्यांच्या कातडीत मोडून जाते. हे जनुक असले की ते तसेच टिकते आणि पाय पिवळे दिसतात. डार्विनच्या मतात एवढी दुरुस्ती आपल्या रानातल्या पक्ष्याने केली. जगातल्या कोणत्याही प्रदर्शनात पिवळ्या पायांची कोंबडी पहिली आली, तर तिच्या पायांत दक्षिण भारतातल्या रानाचा अंश आहे असे खुशाल समजावे.

खुराड्यातली प्रयोगशाळा

मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यावर सिद्ध झाले, हे आपण शाळेत शिकलो. तेच नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे १९०२ साली बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखविले, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. तुऱ्याचे मुख्य प्रकार चार: करवतीसारखा एकेरी तुरा, मागे टोक असलेला, खडबडीत व रुंद गुलाबतुरा, तीन बुटक्या ओळींचा वाटाणातुरा, आणि अक्रोडाच्या गरासारखा अक्रोडतुरा. शुद्ध गुलाबतुरा आणि शुद्ध वाटाणातुरा यांचा संकर केला, तर सगळी पिले अक्रोडतुऱ्याची निघतात. आई-बापांपैकी एकाचाही तुरा तसा नसतो! ही पिले मोठी होऊन आपसात जुळली की पुढच्या पिढीत दर सोळांत सरासरी नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि एक एकेरी असे प्रमाण पडते. दोन जनुके एकत्र येऊन तिसरेच रूप घडवितात, याचा हा प्रसिद्ध दाखला.

आमच्या परसात मी जो प्रयोग सतत पाहते, तो उलट्या पिसांचा. या कोंबडीची पिसे अंगावर बसण्याऐवजी बाहेरच्या बाजूस वळलेली असतात. हे लक्षण एका जनुकाचे आहे. एकाच पालकाकडून ते आले तर पिसे सुबक वळतात. दोघांकडून आले तर ती ठिसूळ होतात, गळतात आणि पक्षी अर्धाउघडा राहतो. म्हणून उलट्या पिसांचा कोंबडा नेहमी सरळ पिसांच्या कोंबडीशीच जुळवावा. आम्ही तसेच करतो. प्रत्येक घाण्यात साधारण निम्मी पिले आईवर जातात, निम्मी बापावर.

बोडक्या मानेच्या कोंबडीचे शास्त्रही असेच मनोरंजक आहे. हे जनुक एकाच बाजूने आले तर मानेच्या पुढे पिसांचा एक झुबका राहतो. दोन्ही बाजूंनी आले तर मान जवळजवळ संपूर्ण उघडी. अंगावरची एकूण पिसेही कमी होतात, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांतल्या घामट हवेत ही 'कुरूप' कोंबडी झाडाखाली निवांत चरते, तेव्हा तिची दाट पिसांची बहीण चोच वासून धापा टाकत असते.

जोपासना आणि प्रदर्शनाची तयारी

शोभेचे पक्षी वाढविणाऱ्याला पहिली लागते ती वही. कोणत्या कोंबड्याची कोणती कोंबडी, अंडी केव्हा ठेवली, पिले किती निघाली, त्यांची लक्षणे काय, हे लिहिल्याशिवाय पैदास म्हणजे निव्वळ योगायोग. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकून राहते. म्हणून ठरावीक जोडीची पिले हवी असतील तर कोंबडीला आधी तेवढे दिवस वेगळे ठेवावे लागते. अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी, खुडूक कोंबडीखाली ती ठेवावी आणि एकवीस दिवस वाट पाहावी. यंत्रापेक्षा खुडूक कोंबडी बरी. कारण उबविण्याबरोबर पिलांना चरायला आणि घारीपासून लपायलाही तीच शिकविते.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पायांवर पिसे असलेल्या ब्रह्मा किंवा कोचीन कोंबड्या तांबड्या चिखलात चार दिवसांत ओळखू येईनाशा होतात. रेशमासारख्या पिसांची सिल्की तर भिजली की थेट कातडीपर्यंत भिजते. त्यांना उंच जोत्याचे, कोरडे खुराडे हवे. तळाला भाताचे तूस घालून ते वेळोवेळी बदलावे. दारे-खिडक्यांना अशी बारीक जाळी हवी की मुंगसाचे डोके आत शिरू नये. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पिले आठवड्याची होत असताना आणि पुढे पुन्हा पशुवैद्याच्या सल्ल्याने दिलीच पाहिजे. बाहेरून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली आणि फार मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यानंतर ही दक्षता कोणी अतिरेक मानू नये.

प्रदर्शनाचा हंगाम हिवाळ्यात. पावसाळा संपता संपता जुनी पिसे झडतात आणि नवा, तकतकीत पिसारा येतो. प्रदर्शनाआधी आठ-दहा दिवस पक्ष्याला पिंजऱ्यात उभे राहण्याची सवय लावावी, नाहीतर परीक्षकासमोर तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. मग स्नान: एका घमेल्यात कोमट साबणाचे पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकलेले पाणी. पिसांच्या दिशेनेच हात फिरवावा आणि उबदार जागी पूर्ण वाळू द्यावे. पायांचे खवले जुन्या दातांच्या ब्रशने घासावेत आणि तुऱ्याला खोबरेल तेलाचे बोट लावावे. परीक्षक प्रथम पाहतो ती ठेवण: पाठीची रेघ, शेपटीचा कोन, उभे राहण्याची ऐट. मग तुरा, डोळे, पिसांचा रंग व नक्षी, पायांची बोटे. बहुतेक कोंबड्यांना चार बोटे असतात. सिल्कीला पाच हवीत, चार असतील तर ती बाद!

सौंदर्याची किंमत

येथपर्यंतचे वर्णन वाचून छंद निष्पाप वाटेल. पण अभ्यासकाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डोक्यावर पिसांचा मोठा गुच्छ असलेल्या 'पोलिश' कोंबडीचा गुच्छ वाढवीत नेल्यामुळे तिला समोरचे धड दिसत नाही. त्या गुच्छाखाली कवटीही फुगीर झालेली असते. शुद्ध गुलाबतुऱ्याच्या कोंबड्यांची प्रजननशक्ती कमी असते. पिवळ्या पायांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. कोंबडी जोमाने अंडी घालू लागली की पायांतले रंगद्रव्य बलकात उतरते आणि पाय फिके पडतात. गडद पिवळ्या पायांनाच गुण द्यायचे ठरविले, तर सर्वांत कष्टाळू कोंबडी हरणार आणि आळशी कोंबडी जिंकणार. जाणते परीक्षक हे ओळखून असतात. पण नियमाचे अक्षर आणि जिवाचे हित यांत अंतर पडू शकते, एवढे यावरून दिसते. मोजायला सोपे तेच उत्तम मानण्याची चूक परीक्षा नावाच्या सर्वच प्रकारांत होते, हे आपण विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको.

मग हा छंद सोडून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. आणि त्याचे कारण आपल्या गावांतच आहे.

आपल्याकडची उलटी निवड

आपल्या वाडीवस्तीवर कोंबड्यांची निवड होत नाही असे नाही. होते, पण उलटी होते. सर्वांत भारदस्त कोंबडा राखणीला जातो. त्याच्या खालचा पाहुण्यांसाठी, गटारीसाठी किंवा व्यापाऱ्याच्या टोपलीत. एकरंगी काळा, एकरंगी पांढरा, उलट्या पिसांचा असा विशेष पक्षी देवस्कीसाठी मागितला जातो आणि बरा पैसा मिळतो म्हणून दिला जातो. उरतो तो किरकोळ कोंबडा, आणि पुढची पिढी त्याचीच. शेतकरी भाताचे बियाणे निवडताना भरघोस लोंबी बाजूला ठेवतो. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र आपण भरघोस लोंबी आधी शिजवतो आणि पळिंज पेरतो. प्रदर्शनाचा छंद नेमके याच्या उलट करतो: जो उत्तम, तो राखायचा आणि त्याचा वंश वाढवायचा.

दुसरे संकट अधिक शांतपणे आले आहे. वनराजा, गिरिराज यांसारखे सुधारित वाण परसासाठी वाटले जातात. त्यांनी अंडी वाढली, अनेक घरांना आधार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. पिलांसाठी पुन्हा उबवणी केंद्राकडेच जावे लागते. त्यांचा गावठीशी संकर होत गेला की अंड्यावर बसण्याची, पिले सांभाळण्याची, घारीची सावली पडताच इशारा देण्याची गावठी कोंबडीची विद्या पिढीगणिक पातळ होते. अंड्यांचा पैसा हा आपल्याकडे पुष्कळदा घरच्या बाईचा स्वतःचा पैसा असतो. पिले विकत आणावी लागली की त्या पैशातला वाटा बाहेर जातो. तेव्हा गावठी कोंबडी टिकणे हा केवळ हौसेचा प्रश्न नाही.

राष्ट्रीय पातळीवर देशी जातींची नोंद कर्नाल येथील संस्था करते. झाबुआची काळी कडकनाथ त्या यादीत आहे, आणि तिच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातची 'बुसरा' ही जातही त्या यादीत आहे. आपल्या कोकणातल्या कपिला गाईची आणि कन्याळ शेळीचीही अशीच नोंद झाली आहे. ज्याची लक्षणे कोणी नीट पाहून लिहिली, त्याला ओळख मिळाली. आपल्या अंगणातल्या कोंबडीलाही तीच वाट मोकळी आहे. पाहणे आणि लिहिणे हे तर कला शाखेचेच काम!

एक सूचना

म्हणून माझी एक सूचना आहे. डिसेंबर-जानेवारीत एक दिवस आपल्या महाविद्यालयाच्या आवारात गावठी कोंबड्यांचे छोटे प्रदर्शन भरवावे. विलायती पक्षी त्यात नकोत. ते मिळविणे हा पैशाचा खेळ आहे. शंभर गुण मी असे वाटेन: ठेवण व चपळाई २५, पिसे व रंग २५, तुरा, डोळे व पाय १५, आरोग्य व निगा १५, आणि वंशाची लेखी नोंद २०. कोंबडीने किती वेळा पिले काढली आणि त्यांतली किती जगली, हे त्या नोंदीत असावे. पशुवैद्याने तपासलेला व लस टोचलेला पक्षीच आत यावा. झुंजीला पूर्ण मज्जाव. आणि एक अट सर्वांत महत्त्वाची: पहिल्या येणाऱ्या पक्ष्याला किमान एक हंगाम कापायचे नाही आणि विकायचे नाही, त्याची अंडी मागेल त्या स्पर्धकाला उबवायला द्यायची. बक्षीस पिंजऱ्यात राहू नये, ते गावभर पसरावे.

त्याच दिवशी दुसरे एक काम होईल. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर अशा निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या आज्या आणि मावश्या पक्ष्यांचे रंग, तुरे, पिसे कोणत्या शब्दांनी सांगतात, ते आपण टिपून घ्यावे. विलायती जातींच्या वर्णनाला पुस्तके आहेत. आपल्या कोंबडीच्या वर्णनाला आज्यांची जीभ आहे, आणि ती काही कायमची नाही. मराठी विभागाने शब्द टिपावेत, भूगोल विभागाने गावे नकाशावर मांडावीत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अंड्यांच्या पैशाचा हिशेब करावा. दोन-चार वर्षे हे नेमाने झाले, तर आपल्या कोंबडीच्या लक्षणांचे पहिले पुस्तक याच महाविद्यालयातून निघू शकेल. ज्यांच्या घरी एखादी उलट्या पिसांची किंवा बोडक्या मानेची कोंबडी आज आहे, त्यांनी तूर्त एवढेच करावे: एक वही घ्यावी, तिचे वर्णन लिहावे, आणि येत्या राखणीला दुसरा कोंबडा शोधावा.